पाळण्यातला फोन

८ जानेवारी

प्रोजेक्टची एक वही मॅडमना दर आठवड्याला दाखवायची असते. तीत उद्दिष्ट, साहित्य, कार्यपद्धती असं सगळं इस्त्री केलेल्या भाषेत लिहायचं. ही वही वेगळी. ही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे हिच्यात खरं लिहायला हरकत नाही.

तर खरं असं, की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काय करायचा ते आज ठरलं आणि ते आईमुळे ठरलं. आई शाळेची व्हॅन चालवते. सकाळी मुलांना घरोघरी गोळा करून शाळेत सोडायचं, दुपारी शाळा सुटली की परत घरोघरी. बाबा गेल्यावर ती गाडी शिकली. सुरुवातीला गिअर टाकताना डोळे मिटायची, आता भर बाजारातून व्हॅन मागे घेते आणि बघणारे बघत राहतात.

आज संध्याकाळी ती आली ती थेट आत. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त वाजली. मग आतूनच म्हणाली, "शाळेत बोलावलं होतं मला. एका मुलीच्या आईने तक्रार केलीय. गाडी चालवताना माझ्या हातात फोन होता."

"होता का?"

"होता."

"मग काय म्हणाले?"

"पुन्हा तक्रार आली तर व्हॅन दुसऱ्याच्या हातात देणार. बरोबरच आहे त्यांचं. चौदा लेकरं असतात मागे."

मी तिला चांगलं झापलं. म्हटलं, आई, तू काय लहान आहेस का? गाडीत बसलीस की फोन पिशवीत टाकायचा आणि विसरायचं, त्यात अवघड काय आहे? ती "बघू" म्हणाली. "बघू" म्हणजे आमच्याकडे नाही. आजोबांना नीट ऐकू येत नाही, त्यांना वाटलं मी मार्कांवरून बोलणी खातोय. म्हणाले, "जाऊ दे गं, पुढच्या वेळी काढेल."

जेवता जेवता माझी ट्यूब पेटली. आई ऐकत नसेल तर यंत्र ऐकायला लावेल. प्रोजेक्ट मिळाला!

९ जानेवारी

प्रोजेक्टमध्ये माझी जोडीदार आहे शंका. खरं नाव वेगळं आहे, पण पहिल्या वर्षी तिने एका तासात इतक्या शंका विचारल्या की सरांनी हजेरीच्या वेळी "शंका" म्हणूनच हाक मारली, आणि ती "हजर" म्हणाली. तेव्हापासून तेच.

तिला कल्पना आवडली, पण लगेच सुरू झाली. "आई चालवताना फोन का उचलते?"

"सवय. लोकांना असते ना."

"कुणाचे मेसेज असतात?"

"मला काय माहीत? पालकांचे असतील. मुलगा आज येणार नाही, मुलीचा डबा राहिला, असलं काहीतरी."

"विचारलंस का?"

मी म्हटलं, बाई, आपण इलेक्ट्रॉनिक्सवाले आहोत. माणूस फोन का उचलतो हा आपला विषय नाही, उचलल्यावर काय वाजवायचं हा आपला विषय आहे. तिने स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून खाली दोनदा रेघ मारली.

शाळा सुटायच्या सुमाराला आईला मेसेज टाकला, "विषय ठरला!!" लगेच उत्तर, "वा." आमच्या घराचं हे एक बरं आहे. मेसेज गेला की उत्तर येतं. लोकांच्या घरी दोन दोन तास निळ्या खुणांकडे बघत बसतात म्हणे. आमच्यात तसं नाही.

१५ जानेवारी

मॅडमनी दोन डिझाइन उडवली. एका बैठकीत.

पहिलं माझं लाडकं होतं. गाडी सुरू झाली की आतल्या सगळ्या फोनचं नेटवर्कच जाम करायचं. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे बेकायदा आहे. शिवाय अपघात झाला तर मागच्या सीटवरच्या माणसाने मदत कशी मागवायची?" मी मान हलवली.

दुसरं म्हणजे, चालकाने फोन उचलला की रिलेने इंजिन बंद. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चढावर, वळणावर, मागे ट्रक असताना गाडी मेली. छान. मेसेजच्या तावडीतून वाचलेली माणसं तुमच्या प्रोजेक्टने मारलीत."

शंका म्हणाली, "मी याला हेच विचारलं होतं." घरभेदी.

शेवटी तिसरं पास झालं. डॅशबोर्डवर फोन ठेवायला एक खोबण. फोन त्यात ठेवल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. चाकं फिरत असताना फोन उचलला तर बझर, आणि परत ठेवेपर्यंत तो थांबणार नाही. चालू इंजिनाला हात लावायचा नाही. मॅडम म्हणाल्या, "करा. पण एक लक्षात ठेवा, चालक तुमचा शत्रू नाही." मी वहीत हे लिहून घेतलं, कारण अशी वाक्यं अहवालाच्या प्रस्तावनेत चांगली दिसतात.

२२ जानेवारी

खोबण तयार. प्लायवूडची, आत जुन्या चपलेच्या तळाचा स्पंज, आणि स्पंजाखाली छोटं बटण. वजन पडलं की बटण दाबलं जातं आणि सर्किटला कळतं की फोन आला. आजोबांनी हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "हा तर पाळणा झाला." तेव्हापासून तिचं नाव पाळणा.

चाक फिरतंय की नाही हे कळायला चाकाच्या आतल्या बाजूला एक चुंबक आणि समोर सेन्सर लावायचा होता. आम्ही दोघं व्हॅनखाली झोपून अर्धा तास नुसती धूळ खात होतो. शेवटी आईच आली, पदर खोचला, जॅक लावला आणि म्हणाली, "सरका. चाक काढल्याशिवाय काय दिसणार आहे तुम्हाला? टॉर्च धरा."

शंकाने तिला विचारलंच, "काकू, चालवताना कुणाचे मेसेज येतात हो तुम्हाला?"

आई नट सोडवत होती. म्हणाली, "येतात असेच." मग मला म्हणाली, "इंजिनियर, पाना दे तो चौदा नंबरचा." मी तेरा नंबरचा दिला. तिने न बघता परत केला.

२८ जानेवारी

आज चाचणी! कॉलेजला दांडी मारून सकाळ-दुपार दोन्ही फेऱ्यांना मी व्हॅनमध्ये. मागच्या सीटवर दोन दप्तरं आणि एक शेंबडा मुलगा यांच्या मधोमध. त्याने मला विचारलं, "तू नापास झालास म्हणून शाळेत परत येतोयस का?" सगळी व्हॅन हसली, आईसुद्धा.

आई चालवते तेव्हा वेगळीच दिसते. पाठ ताठ, मान सैल. कुणाच्या घरापाशी कुत्रा आहे, कुठल्या मुलाला खिडकी दिली नाही तर ओकारी येते, सगळं तिला पाठ. मला आज तिचा फार अभिमान वाटला. तसं तिला सांगितलं नाही, ती म्हणाली असती, पैसे हवेत का.

निकाल असा, की दोन्ही फेऱ्यांत तिने फोनला हातसुद्धा लावला नाही. बझर एकदाही वाजला नाही. फोन पाळण्यात निजलेला. खरं तर एकही मेसेज आला नाही. म्हणजे यंत्र शंभर टक्के यशस्वी. मॅडमच्या वहीत मी "समाधानकारक" लिहिलं, इथे "जबरदस्त" लिहितो.

शंका म्हणाली, "पण मेसेजच आला नाही तर चाचणी कसली?" हिला आनंद होऊच शकत नाही.

३१ जानेवारी

सकाळी निळा शर्ट सापडेना. आज दुसऱ्या कॉलेजचे लोक लॅब बघायला येणार होते, तोच हवा होता. कपाट उपसलं, आजोबांना विचारलं, ते म्हणाले त्यांना झाला आहे चहा. आईला मेसेज केला, "निळा शर्ट कुठाय?" उत्तर आलं, "दोरीव". मला हसूच आलं. आईचं टायपिंग म्हणजे असंच, शेपूट नेहमी तुटलेलं. शर्ट मागच्या दोरीवरच होता.

संध्याकाळ मात्र वाईट गेली. आई उशिरा आली. व्हॅनचा डावा आरसा फुटलाय. सकाळच्या फेरीत, वळणावर, एका उभ्या टेम्पोला घासला. एका मुलाचं तोंड पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं, ओठ फुटला. मागच्या वेळी मला नापास म्हणाला होता तोच. आईने स्वतःच शाळेत जाऊन सांगितलं, त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर उभी राहिली. शाळेने परीक्षा होईपर्यंत बघू म्हटलंय. त्यानंतर व्हॅन तिच्याकडे ठेवायची की नाही ते ठरणार.

"फोन होता का हातात?" मी विचारलं.

"होता."

"पण मग बझर कसा नाही वाजला?"

मी खाली जाऊन व्हॅन उघडली. पाळण्यात साबणाची डबी होती. आत साबणाचा अर्धा तुकडा, वजनाला. माझ्या महिनाभराच्या मेहनतीला आईने साबण लावला होता. मला इतका राग आला की मी जेवलो नाही. असला उपास आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही, पण आज आईने ताट झाकून ठेवलं आणि समोर बसून राहिली.

६ फेब्रुवारी

साबणावर उपाय काढला. पाळण्यात आता चार्जिंगची पिन आहे. खरा फोन जोडला तरच तो करंट ओढतो, करंट वाहिला तरच सर्किट मानतं. साबण काय करंट ओढणार? शंकाने करंटची मर्यादा ठरवून दिली, हे तिला छान जमतं. आईला सगळं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं, आणि "हुशार आहात" म्हणाली. आवाजात कौतुक कमी आणि दमणूक जास्त होती असं मला वाटलं, पण दिवसभर गाडी चालवून माणूस दमणारच.

१० फेब्रुवारी

आज शाळेला कसलीशी सुट्टी. व्हॅन खाली उभी होती म्हणून सर्किट तपासायला गेलो. पाळण्यात फोन होता. काळा, कोपऱ्यात तडा गेलेला.

बाबांचा.

तो कपाटात वरच्या फळीवर, त्यांच्या घड्याळाशेजारी असतो. तीन वर्षांत मी त्याला हात लावलेला नाही. मी व्हॅनमध्येच बसून राहिलो. सुरू करून बघितला नाही. त्यात शेवटचा मेसेज कुणाचा आहे ते मला माहीत आहे. माझाच. "येताना ड्रॉइंगचा कागद आणा." उत्तर आलं नाही म्हणून मी तास दीड तास धुसफुसत होतो, उद्याच्या ड्रॉइंगचं काय म्हणून. तेव्हा ते ऑफिसच्या जिन्यात पडलेले होते. कुणीतरी उचलून दवाखान्यात नेलं, तोवर सगळं संपलं होतं. हे मी कधी कुठे लिहिलेलं नाही. आज लिहिलं.

आमच्या घरात मेसेजला लगेच उत्तर देतात ते तेव्हापासून. हा नियम कुणी काढला आठवत नाही, आपोआपच पडला. चांगलाच आहे. एकदाच मोडला होता, गेल्या वर्षी, आईचा फोन बॅटरी संपून बंद पडला तेव्हा. मी आपला सहज शाळेपर्यंत चालत जाऊन आलो होतो.

वर जाऊन आईला म्हटलं, "बाबांचा फोन का ठेवलास तिथे?"

ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, "दुसरा नव्हता रे माझ्याकडे." मग घडी मोडून परत घातली. "चुकलं माझं. आता नाही फसवणार तुला. माझाच फोन ठेवीन. उचलला तर वाजू दे."

"पण उचलायचाच कशाला?"

तिने पुढचा कपडा घडीला घेतला. मी तो फोन पुसून घड्याळाशेजारी परत ठेवला.

१७ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

मॅडमना आकडेवारी हवी होती, चालक फोन किती वेळा उचलतो याची. म्हणून आम्ही व्हॅनच्या खोक्यात सिमकार्डवाला एक मॉड्यूल बसवला. चालू गाडीत फोन पाळण्यातून उचलला, की इकडे लॅबमध्ये आमच्या टेबलावरचा लाल दिवा लागतो. ठेवला की विझतो. दुपारची फेरी सुरू व्हायच्या वेळेला आम्ही दोघं दिव्यासमोर बसलो. शंका पेन घेऊन, मी खुर्ची उलटी करून.

बराच वेळ काही नाही. मला कंटाळा आला. आठवलं, घरच्या रिमोटचे सेल संपलेत. आईला टाकला मेसेज, "येताना रिमोटचे सेल आण."

दिवा लागला.

"बघ!" मी ओरडलोच. "बघ, उचलला! मागे मुलं बसलीत, बझर बोंबलतोय, तरी उचलला!" तेवढ्यात माझा फोन वाजला. "हो आणते." दिवा विझला.

शंकाने कागदावर एक खूण केली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं माझ्या केसात काही अडकलंय.

मी भयंकर चिडलो होतो. लिहिलं, "चालवताना फोन उचलू नकोस!! कितीदा सांगायचं!"

दिवा लागला. माझा फोन वाजला. "नाही उचलत." दिवा विझला.

मी पुन्हा काहीतरी टाइप करायला लागलो. शंकाने हात पुढे करून माझा फोन काढून घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर स्वतःचा पंजा ठेवला. हळूच म्हणाली, "आता बघ."

आम्ही बघत बसलो. व्हॅन सगळ्या घरांना गेली असेल, सगळी मुलं उतरली असतील. शिपाई येऊन पंखे बंद करून गेला. दिवा लागला नाही. एकदाही नाही.

पालकांचे मेसेज. म्हणे पालकांचे मेसेज.

१८ फेब्रुवारी

सकाळपासून एकच शब्द डोक्यात फिरतोय. दोरीव.

तो लिहिता लिहिता आरसा गेला. त्या पोराचा ओठ गेला. आणि मी शर्ट घालून, केस विंचरून, लॅबमध्ये पाहुण्यांना सांगत होतो की आमचं यंत्र चालकांना शिस्त लावतं. तेव्हा हसलो होतो मी त्या शब्दाला. मागे अडीच आठवड्यांपूर्वीचं पान आहे, ते फाडून टाकावंसं वाटलं. फाडलं नाही.

आज आई आल्यावर तिच्यासाठी चहा केला. ती म्हणाली, "काय हवंय?" मी म्हटलं, "दिवा माझ्या मेसेजला लागतो."

तिने कप खाली ठेवला. "त्या मुलीने सांगितलं का?"

"मीच बघितलं. बाकीच्यांना तू उत्तर देत नाहीस?"

"पालकांचा ग्रुप मी बंद करून टाकते बसताना. गाडी थांबली की बघते. जग थांबतं रे तेवढं."

"मग मी नसतो थांबलो का?"

आजोबा पलीकडे पत्ते मांडत होते, त्यांच्या पत्त्यांचाच काय तो आवाज. मग आई म्हणाली, "गेल्या वर्षी माझा फोन बंद पडला होता. आठवतं? मी शेवटची फेरी करून शाळेत गाडी लावायला आले, तर तू फाटकाशी. एका पायात तुझी चप्पल, एका पायात आजोबांची. पाणी दिलं तर पेला धरवेना तुला. मला म्हणालास, सहज आलो होतो."

मला चपला आठवत नव्हत्या. अजूनही आठवत नाहीत.

"तुझा मेसेज आला की मला ते फाटक दिसतं," आई म्हणाली. "मला कळतं हात लावू नये. पण हात आधी जातो. तू विचारतोस शर्ट कुठाय, सेल आण. तुला शर्ट कुठे हवा असतो दर वेळी? मी आहे ना, एवढंच विचारतोस. मग नको द्यायला उत्तर?"

"मग मला सांगायचंस ना, विचारू नकोस म्हणून."

"तुला कसं सांगू, राजा."

मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, विसाव्या वर्षी, चहाच्या कपासमोर. आजोबांनी पत्त्यांतून मान वर करून विचारलं, "निकाल लागला का?" आई म्हणाली, "हो, लागला."

२६ फेब्रुवारी

सांगणं सोपं आहे की आता मी मेसेज करणार नाही. या आठवड्यात प्रयत्न केला. पहिल्या दिवशी सकाळच्या फेरीला फोन कपाटात कोंडला आणि स्वतः गच्चीत जाऊन बसलो. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी गच्चीतून रस्त्यावर येणारी प्रत्येक पांढरी गाडी मोजतोय. न विचारता मला राहवत नाही, आणि मी विचारलं की तिला राहवत नाही. यात शिस्तीचा काही संबंध नाही.

हे सगळं शंकाला सांगितलं. एरवी मी कुणाला असलं सांगत नाही. तिने चक्क एकही शंका काढली नाही. मग जरा वेळाने म्हणाली, "दिवा उलटा लावू या का?"

म्हणजे असं. चाकाचा चुंबक आहेच. मॉड्यूल आहेच. फोन उचलल्याची खबर लॅबला देण्याऐवजी, चाक फिरतंय एवढीच खबर घरी द्यायची. घरी फळीवर एक दिवा. व्हॅन चालतेय तोवर लागलेला. थांबली की विझलेला. घरच्या माणसाला न विचारता कळतं, गाडी चालतेय, चालवणारी चालवतेय.

"आणि पाळणा?" मी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तोही घरी येणार होता, माझ्या फोनसाठी.

मॅडमना नवा आराखडा दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. "चालकाकडचं सगळं काढून टाकलंत तुम्ही."

"हो मॅडम. चालक शत्रू नाही, तुम्हीच म्हणाला होतात."

"मग शत्रू कोण?"

शंकाने माझ्याकडे बोट दाखवलं. मॅडम हसल्या नाहीत. सही केली आणि म्हणाल्या, "दिव्याला बॅटरीही लावा. घरची वीज गेली आणि दिवा विझला, तर माणूस घाबरेल." हे मला सुचायला हवं होतं, सगळ्यांत आधी मलाच.

१२ मार्च

परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक जाडजूड, कपाळावर कायमच्या आठ्या. टेबलावर आमचं सामान बघून म्हणाले, "शीर्षक आहे, वाहन चालवताना मेसेज करण्यास प्रतिबंध. आणि चालकापाशी तर नुसता एक चुंबक आणि डबी दिसतेय. फोन ठेवायची जागा इथे, घरात. जागा चुकलीय का तुमची?"

"नाही सर. मेसेज घरातून निघतो."

त्यांनी दिवा लावायला सांगितला. शंकाने कोपऱ्यात सायकलचं चाक फिरवलं, इकडे दिवा लागला. मी माझा फोन पाळण्यातून उचलला. बझर असा किंचाळला की शेजारच्या टेबलावरच्या पोराच्या हातातून सोल्डरिंग गन सुटली. फोन ठेवला, शांत. शंकाने चाक थांबवलं, दिवा विझला, मी फोन उचलला, काही वाजलं नाही.

परीक्षकांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, जरा बघितला आणि परत ठेवला. म्हणाले, "माझा मुलगा रोज मोटारसायकलने ऑफिसला जातो." पुढे काही विचारलंच नाही. मार्क किती पडतील देव जाणे.

१५ मार्च

शाळेची परीक्षा संपत आली, नवीन वर्षाच्या व्हॅनवाल्यांची यादी लागली. व्हॅन आईकडेच राहिली. ज्याचा ओठ फुटला होता त्या मुलाच्या आईनेच म्हणे शाळेत सांगितलं, की चूक झाली तेव्हा ही बाई दारात येऊन उभी राहिली, दुसरा कुणी आला नसता. घरी त्यावर विशेष बोलणं झालं नाही. आईने फक्त नवीन आरशावरची प्लॅस्टिकची पट्टी काढली, इतके दिवस काढली नव्हती.

आज दिव्याचा घरातला पहिला दिवस. स्वयंपाकघराच्या दाराशी फळी आहे, तिच्यावर दिवा आणि त्याच्या खाली पाळणा. आई निघाली, खाली इंजिनाचा आवाज आला आणि दिवा लागला. आजोबा खुर्ची ओढून त्याच्या समोरच बसले, क्रिकेटची मॅच लागल्यासारखे.

मी फोन पाळण्यात ठेवला. आंघोळ केली. बाहेर आलो, तर निळा शर्ट नाही. हात खिशाकडे गेला, खिशात फोन नव्हता. फळीकडे वळलो, दिवा लागलेला होता. फोन उचलला असता तर बझर वाजला असता, सगळ्या इमारतीला ऐकू गेला असता. पण मी त्याला भिऊन थांबलो नाही. तो दिवा लागलेला बघून मला बरं वाटत होतं. बाबा निघाले त्या दिवशी असा एक दिवा घरात असता तर, असं मनात आलं. तर काय, ते मला माहीत नाही. मी नुसता उभा राहिलो.

मग मागच्या दारी गेलो.

मुलांच्या घरापाशी व्हॅन थांबली की दिवा विझून परत लागत होता, शेवटी विझला तो लागलाच नाही, तेव्हा आजोबा ओरडले, "विझला रे, पोचली!" लगेच पाळण्यात फोन थरथरला. आईचा मेसेज होता, पहिल्यांदाच तिच्याकडून आधी आलेला, आणि शेपूट न तुटलेला. "शाळेत पोचले. सगळी मुलं उतरली. तुला काही हवं होतं का?"

मी लिहिलं, "नाही. दोरीवर होता."